पथकर आणि रांगेतील शेवटचा प्रवासी

(अमरावती येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



पथकराचा विषय निघाला की सर्वत्र दोनच सूर ऐकू येतात. ‘टोल बंद झालाच पाहिजे’ हा एक, आणि ‘चांगला रस्ता हवा तर पैसे मोजा’ हा दुसरा. हे दोन्ही सूर प्रामुख्याने मोटार बाळगणाऱ्यांचे आहेत. मूर्तिजापूरच्या थांब्यावर एसटीची वाट पाहणारा प्रवासी या वादात कोठेच नाही. आज मला हा विषय त्याच्या बाजूने मांडायचा आहे.

रस्ते नकोत, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. अमरावती-अकोला महामार्गाच्या दुर्दशेचे हाल वऱ्हाडाने वर्षानुवर्षे सोसले आहेत. त्याच मार्गावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंडपणे अंथरला गेला आणि त्याची विश्वविक्रम म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. आपल्या अभियंत्यांचा व श्रमिकांचा अभिमान वाटावा अशीच ही कामगिरी आहे. अशा कामांना भांडवल लागते आणि ते वापरणाऱ्याकडून वसूल व्हावे, हे तत्त्व अन्याय्य नाही.

आपल्या परंपरेलाही ते अपरिचित नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘वर्तनी’ नावाचा मार्गकर आहे. मालाच्या गाड्यांकडून सीमारक्षकाने सव्वा पण घ्यावा, गुरांमागे त्याहून कमी घ्यावा आणि खांद्यावरून भार वाहणाऱ्याकडून केवळ एक माषक घ्यावा, असे तेथे सांगितले आहे. त्याच वेळी वाटेत व्यापाऱ्याचा माल हरवला वा चोरीस गेला, तर त्याची भरपाई करण्याचे दायित्वही त्याच अधिकाऱ्यावर टाकले आहे. कर ऐपतीप्रमाणे घ्यावा आणि घेणाऱ्याने उत्तरदायी असावे, ही दोन सूत्रे त्यातून निघतात. आजची व्यवस्था या कसोटीवर उतरते काय?

सवलतींची दिशा पाहा. १ जून २०१५ पासून राज्याने १२ पथकर नाके बंद केले व ५३ नाक्यांवर छोट्या गाड्यांना आणि एसटीला सूट दिली. एसटीचा विचार झाला, हे त्या निर्णयाचे श्रेय. परंतु राष्ट्रीय महामार्गांवर एसटीला पथकर भरावाच लागतो. तेथे १५ ऑगस्ट २०२५ पासून खाजगी मोटारींसाठी ३००० रुपयांत २०० फेऱ्यांचा वार्षिक पास सुरू झाला. म्हणजे फेरीमागे अवघे १५ रुपये. बसला मासिक पासाची थोडी सवलत आहे. असा वार्षिक पास मात्र नाही. शिवाय एसटीच्या तिकिटावर वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर आकारला गेला. स्वतःच्या मोटारीतून जाणाऱ्याला असा कर कधी द्यावा लागला नाही.

जड वाहनाने रस्ता अधिक झिजतो, म्हणून त्याचा दर अधिक, असे उत्तर मिळते. ते मालमोटारीला लागू आहे. चाळीस-पंचेचाळीस जणांना घेऊन जाणारी बस वीस मोटारींची जागा वाचवते, इंधन वाचवते. तिला त्याच पट्टीने का मोजावे?

शहरांची स्थिती याहून बिकट आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाच्या यादीत विदर्भातून केवळ नागपूर होते. पुढे तेथील मेट्रोसाठी ८६८० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला. नागपूरच्या प्रगतीचा आपल्याला आनंदच आहे. पण २०११ च्या जनगणनेनुसार साडेसहा लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या अमरावतीने आणि सव्वाचार लाखांच्या अकोल्याने ऑटोरिक्षांवरच समाधान का मानावे? ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने पीएम ई-बस सेवा योजनेतून १०,००० बसगाड्यांना मान्यता दिली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र बस मिळाल्यावर ती रोज वेळेवर धावण्यासाठी दरवर्षी खात्रीचा निधी लागतो. तो कोठून यावा, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर रस्त्यांच्याच उत्पन्नात आहे. भांडवल वसूल झाल्यावर पथकर ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद २००८ च्या नियमांत होती. २०२३ च्या दुरुस्तीने ती गेली. कर्ज फिटल्यावरही पूर्ण पथकर घ्यायचा असेल, तर त्यातील निश्चित वाटा सार्वजनिक बससेवेला मिळाला पाहिजे. राष्ट्रीय महामार्गांवर एसटी व शहर बस पथकरमुक्त झाल्या पाहिजेत. प्रत्येक नाक्यावर खर्च किती, वसुली किती आणि शिल्लक किती, हे मराठीत ठळकपणे लिहिलेले असले पाहिजे.

याच जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. त्यात स्वतःसाठी काहीही ठेवले नाही. वाटसरूंचा पैसा वाटसरूंच्याच कामी आला. पंडित दीनदयाळजींचा अंत्योदय याहून वेगळा नाही. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात निघालेला रुग्ण, अमरावतीच्या विद्यापीठात येणारी खेड्यातील विद्यार्थिनी, बाजारात निघालेला शेतकरी, हे आपल्या रांगेतील शेवटचे प्रवासी आहेत.

आपल्यापैकी अनेकांच्या दारात आज मोटार आहे. तरीही प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यातील एका बसथांब्याचे वेळापत्रक, रद्द होणाऱ्या फेऱ्या आणि ताटकळणारे प्रवासी यांची महिनाभर नोंद ठेवावी. ती नोंद घेऊन आपण लोकप्रतिनिधींकडे जाऊ. घोषणेला उत्तर देणे सोपे असते. तारीखवार नोंदीला उत्तर द्यावेच लागते.

भारत माता की जय!