युरोपातील वैमानिक-प्रशिक्षण : अनेक देश, एक परवाना



७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या करारावर सह्या झाल्या. वैमानिकाच्या पात्रतेचे किमान निकष त्या कराराच्या आधारे जगाने मान्य केले. पण परवाना देण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राकडेच राहिला. ज्या देशात विमानाची नोंदणी, त्याच देशाने दिलेला किंवा ग्राह्य मानलेला परवाना वैमानिकाजवळ असावा, असा हा दंडक आहे.

युरोपात हा दंडक विशेष अडचणीचा होता. तेथे दोन तासांच्या उड्डाणात तीन-चार देश मागे पडतात. यास्तव युरोपीय संघाने २००२ साली कायदा करून विमान सुरक्षा संस्था स्थापन केली. तिचे मुख्यालय जर्मनीतील कोलोन येथे आहे. २०११ साली वैमानिकांसाठी समान नियमावली करण्यात आली. संघाचे २७ देश आणि त्यांच्या जोडीला नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड व लिश्टेनस्टाइन असे ३१ देश आज या व्यवस्थेत आहेत. यांपैकी एका देशाने दिलेला परवाना इतर सर्व देशांत चालतो.

टप्प्याटप्प्याचे शिक्षण

या व्यवस्थेमुळे व्यावसायिक परवान्याचे शिक्षण निरनिराळ्या देशांत पुरे करता येते. एखादा विद्यार्थी पोलंडमध्ये किमान ४५ तासांचे उड्डाण करून खाजगी वैमानिकाचा परवाना मिळवतो. पुढचा सैद्धांतिक अभ्यास तो आयर्लंडमधील संस्थेकडून बव्हंशी घरबसल्या करतो. उत्तरेकडील हिवाळ्यात ढग व धुके यांमुळे दिवसचे दिवस फुकट जातात. म्हणून उड्डाणाचे तास भरण्यासाठी तो दक्षिण स्पेन किंवा ग्रीसची वाट धरतो. जेथे खर्च परवडतो आणि आकाश निरभ्र असते, तेथे शिकावे, असा हा सरळ हिशेब होय.

अपेक्षा मात्र सर्वत्र सारख्याच कडक आहेत. अशा टप्प्याटप्प्याच्या मार्गाने व्यावसायिक परवाना मिळविण्यासाठी वय १८ वर्षे पूर्ण आणि एकूण उड्डाण २०० तास लागते. त्यातील १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःकडे असावी लागते. वाटेत दोन विमानतळांवर उतरून किमान ५४० किलोमीटरचा एक प्रवासही त्याने करावयाचा असतो. विमान कंपनीत जाऊ इच्छिणाऱ्याला १३ विषयांची लेखी परीक्षा द्यावी लागते. प्रत्येक विषयात ७५ टक्के गुण हवेत. एका विषयासाठी चार संधी आणि सर्व विषयांसाठी १८ महिन्यांची मुदत असते. मुदत टळली, तर उत्तीर्ण झालेले विषयही पुन्हा द्यावे लागतात.

जबाबदारी एकाच दप्तरी

शिक्षण अनेक देशांत होत असले, तरी जबाबदारी विखुरलेली चालत नाही. लेखी परीक्षेचे सर्व विषय एकाच देशाच्या अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली द्यावे लागतात. विमानासाठी एकाच वेळी एकच युरोपीय परवाना बाळगता येतो. परवाना देणाऱ्या देशाकडेच त्या वैमानिकाची वैद्यकीय कागदपत्रे असावी लागतात. परीक्षक दुसऱ्या देशाचा असेल, तर परवाना देणाऱ्या देशाच्या कार्यपद्धतीतील वेगळेपण त्याने आधी समजून घ्यावे लागते. पायलटाच्या कौशल्याइतकेच या दप्तराला महत्त्व आहे. कारण उद्या काही शंका उद्भवली, तर उत्तर कोणी द्यावयाचे, हे त्यावरून ठरते.

ही गोष्ट किती मोलाची आहे, ते ब्रिटनच्या उदाहरणावरून दिसून आले. ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळ संपून ब्रिटन या व्यवस्थेतून बाहेर पडले. ज्यांनी तत्पूर्वी आपला परवाना युरोपातील दुसऱ्या देशाकडे वर्ग करून घेतला होता, त्यांचे काम अडले नाही. इतरांचा ब्रिटिश परवाना दुसऱ्या दिवसापासून युरोपीय विमानांसाठी परका ठरला. विमान तेच, धावपट्टी तीच आणि वैमानिकाचा हातही तोच. बदलली ती केवळ कागदाची मान्यता. त्यानंतर दोन्हीकडे काम करू इच्छिणाऱ्यांना दोन परवाने आणि त्यांसाठी दोन परीक्षा असा दुहेरी भार उचलावा लागला.

भारतीय विद्यार्थ्यालाही हा विचार लागू पडतो. युरोपीय परवान्यावर भारतात नोंदलेले विमान थेट चालविता येत नाही. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि रूपांतर या पायऱ्या चढाव्या लागतात.

वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलाच्या वा मुलीच्या पाठीशी बहुधा घरच्यांची सारी पुंजी, कधी जमिनीवर काढलेले कर्जही असते. तेव्हा शिक्षकांनी व गावच्या जाणत्या मंडळींनी शुल्क भरण्यापूर्वी पालकांना तीन प्रश्न विचारावयास सांगावेत : अखेरच्या परवान्यावर सही कोणत्या देशाची असेल, लेखी परीक्षा कोणाच्या देखरेखीखाली होईल, आणि तो परवाना जेथे नोकरी करावयाची तेथे चालेल काय? यांची उत्तरे लेखी मिळाल्यावरच पुढचे पाऊल टाकणे शहाणपणाचे ठरेल.