डोंगरातली बाग

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



“लेकीकडे जाऊन आलात, तिकडचे चार शब्द सांगा,” अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मला भाषणाची सवय नाही, तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

माझी लेक अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील अ‍ॅशव्हिल या डोंगरी गावी असते. २७ सप्टेंबर २०२४ रोजी तिथे हेलीन वादळाचा महापूर आला. मी नोव्हेंबरात पोहोचले, तेव्हा नळाला पाणी होते, पण पिण्याजोगे नव्हते. ते १८ नोव्हेंबरला आले. मी मनाशी ठरवूनच गेले होते, की लेकीला सांगायचे, “पुरे झाले, आता घरी चल.”

पाणी आले त्याच आठवड्यात जावई म्हणाले, “आई, बिल्टमोर पाहून येऊ.” पुरानंतर २ नोव्हेंबरला ते पुन्हा उघडले होते.

बिल्टमोर म्हणजे जॉर्ज व्हँडरबिल्ट या धनिकाचा अडीचशे खोल्यांचा वाडा. १८८९ साली बांधायला घेतला आणि १८९५ च्या नाताळात त्यात पाहुणे उतरले. मला मात्र वाड्यापेक्षा बागेने धरून ठेवले. ती आखली फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी. न्यूयॉर्कची सेंट्रल पार्क ही बाग आखणाऱ्यांतले हे एक. त्यांना इथे मिळाली ती झाडे तोडून, पिके घेऊन आणि गुरे चारून झिजलेली जमीन. त्यांनी सल्ला दिला, की वाड्याभोवती थोडी बाग करा, नदीकाठी शेती करा आणि बाकी सगळीकडे जंगल वाढवा. तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे होते. १९०३ साली ते वारले. लावलेली रोपे मोठी झालेली त्यांनी पाहिली नाहीत.

व्हँडरबिल्ट १९१४ साली गेले. मालमत्ता एके काळी सव्वा लाख एकरांची होती. पत्नी एडिथ यांनी त्यातले सुमारे सत्त्याऐंशी हजार एकर जंगल सरकारला विकले. तेच आज पिस्गा राष्ट्रीय वनाचा गाभा आहे. एका बाईच्या निर्णयाने ते रान सर्वांचे झाले, हे आपल्या मंडळात मुद्दाम सांगावेसे वाटते.

आम्ही गेलो तेव्हा पानगळ सरली होती. ओकची झाडे उघडी, पायाखाली तांबूस पानांचा थर. सखल भागात पुराच्या खुणा दिसत होत्या. भिंतीआडच्या चार एकरांच्या बागेत शेवंती सुकत आली होती. खालच्या अंगाला विटा-काचांचे मोठे काचगृह. आत पाऊल टाकले आणि चष्म्यावर वाफ धरली! पुसून पाहते तो ताडमाड, नेचे, ऑर्किड आणि आपले क्रोटन! बाहेर स्वेटर घालून कुडकुडणारी मी, आत जणू श्रावणातल्या कोकणात उभी. डोळे भरून आले. लेकीचा हात धरून म्हणणार होते ते शब्द अगदी ओठांवर आले.

पण बाहेर आलो तो एक माळीणबाई गुडघे टेकून वाफ्यात ट्यूलिपचे कंद पुरीत होती. लेकीने विचारले, “फुलणार केव्हा?” ती हसून म्हणाली, “एप्रिलमध्ये.” या कंदांना थंडी सोसावी लागते, तेव्हाच वसंतात फूल येते, असे तिने समजावून सांगितले. पुराला अजून दोन महिनेही झाले नव्हते, आणि ती एप्रिलच्या गोष्टी करीत होती!

परतताना लेक म्हणाली, “आई, आपणही दहा-बारा कंद लावू या का?” त्या लेकीला मी “घरी चल” कसे म्हणणार? दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात मीच खुरपे धरले. माझे ठरलेले वाक्य तसेच पोटात राहिले. एप्रिलमध्ये तिने पिवळ्या फुलांचा फोटो पाठवला. बाराांपैकी नऊ उगवले होते. बाकीचे खारींनी खाल्ले म्हणे!

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या मागचे अंगण किती वर्षे रिकामे पडले आहे. “आता या वयात झाड लावून सावली कोण बघणार?” असे मीच मागच्या सभेत म्हटले होते. ते शब्द आज मागे घेते. येत्या पावसाळ्यात बकुळीचे रोप मी आणीन. आळे करायला मात्र तुम्ही सगळ्याजणी या.