खाण, चिरा आणि घाट

उज्जैनच्या राम घाटावर क्षिप्रास्नानासाठी येणारा यात्रेकरू पायरीवर पाऊल ठेवतो. पायरीचा दगड कोठून आला, हे तो सहसा विचारीत नाही. माळव्याचे पठार लाव्हारसाचे आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण तेथेही आढळतो. असा दगड एके ठिकाणी जमिनीतून निघतो आणि दुसरीकडे घडला जाऊन पायरी होतो. या दोहोंपैकी कोणते कर्म नावात राखावे, याविषयी भाषांनी निरनिराळा कौल दिला आहे.

मराठीतील ‘खाण’ हा शब्द संस्कृत ‘खन्’ म्हणजे खणणे या धातूपासून आला. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही हीच रीत होती. दगडाच्या खाणीला तेव्हा ‘स्तान्-येदेल्फ’ म्हणत. ‘स्तान्’ म्हणजे दगड आणि ‘येदेल्फ’ म्हणजे खणणे. पुढे १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा ओघ सुरू झाला आणि ‘क्वॉरी’ हा शब्द रूढ झाला. त्याचे मूळ लॅटिन ‘क्वाद्रुम्’, म्हणजे चौकोन. जेथे दगड चौरस करतात ती क्वॉरी! मौज अशी की, हा लॅटिन चौकोन आणि आपले ‘चार’ व ‘चौक’ हे शब्द एकाच प्राचीन कुळातले आहेत.

मराठीने दोन्ही कर्मांची आठवण ठेवली. खणण्याची ती खाण. कापून चौकोनी केलेला तो चिरा. कोकणातील ‘चिरेखाण’ या शब्दात तर दोन्ही एकत्र नांदतात.

अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी उज्जैनचे महाकालेश्वर मंदिर पुन्हा उभारले. बांधविणाऱ्याचे नाव इतिहासाने राखले, हे योग्यच झाले. परंतु पहारीने दगड उकलणारा आणि टाकीने तो घडविणारा पाथरवट, यांची नावे कोण सांगणार? टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हणदेखील दगडाच्या सोसण्याचेच कौतुक करते. टाकी धरणारा हात तिच्यातही नाही.

ही उणीव भाषेने आपल्या परीने भरून काढली आहे. शिलालेखावर ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांचे श्रम ‘खाण’ या दोन अक्षरांत टिकून आहेत. मुलांना या शब्दाची व्युत्पत्ती शिकविताना धातूबरोबर तो खणणारा हातही दाखविला, तर व्याकरणाचा तो तास सत्कारणी लागेल.