दहा मिनिटांची मैफल

काळ्या पडद्यावर एक वर्तुळ, बाजूनं वर चढणारा धूर. वर्तुळ हळूच कलतं आणि उमगतं, ही तर सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांची हॅट! 1944 साली वॉर्नर ब्रदर्सनं काढलेला ‘जॅमिन द ब्लूज’ हा जेमतेम दहा मिनिटांचा लघुपट असा सुरू होतो. दिग्दर्शक ग्योन मिली हे मूळचे छायाचित्रकार. अंधार आणि उजेडाचा इतका सुरेल वापर मी क्वचितच पाहिला आहे.

वादकांत गिटारवाले बार्नी केसल एकटेच गोरे. काळे-गोरे एकत्र वाजवताना दिसले, तर अमेरिकेच्या दक्षिणेतली थिएटरं चित्रपट लावणार नाहीत, ही स्टुडिओची धास्ती. म्हणून केसल यांना सावलीत बसवलं. हात तर जवळून दिसणार. मग ते चक्क बेरीच्या रसानं रंगवले! केवढी ही वर्णभेदाची दहशत!

लघुपटाला ऑस्कर नामांकन मिळालं. त्याच्यामागे खटपट करणारे नॉर्मन ग्रांझ यांनी 1944 सालीच लॉस एंजेलिसमध्ये जॅझच्या जाहीर मैफली सुरू केल्या. तिथं काळ्या आणि गोऱ्या रसिकांना वेगवेगळं बसवायला त्यांनी साफ नकार दिला.