मागच्या आवारातील इमारती

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराच्या कामाचा आणि जमाखर्चाचा तपशील आपल्या हाती असलेल्या अहवालात छापलेला आहे. तो मी वाचून दाखविणार नाही. ताळेबंदास जोडलेल्या स्थावर मालमत्तेच्या परिशिष्टातील केवळ एका ओळीकडे आपले लक्ष वेधण्याची अनुमती मागतो. त्या ओळीचे शीर्षक आहे 'इतर बांधकामे'. स्वयंपाकघर, धुलाईघर, जनित्राची शेड, जैववैद्यकीय कचऱ्याची खोली, मृतदेह ठेवण्याची खोली, रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांच्या खोल्या आणि रुग्णांच्या नातेवाइकांसाठी असलेली पत्र्याची पडवी हे सारे त्या दोन शब्दांत बसविले आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. 'इतर' या शीर्षकाखाली मोठी रक्कम दिसली की हिशेबनीस सावध होतो. येथे रक्कम लहान आणि काम मोठे आहे, आणि म्हणूनच ती ओळ माझ्या डोळ्यांत भरली.

मुंबईच्या भायखळ्यातील मसिना रुग्णालय आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असेल. भाजलेल्या रुग्णांना घेऊन आपल्या भागातील लोक तेथे गेलेले आहेत. डॉ. होरमसजी माणेकजी मसिना यांनी १९०२ मध्ये स्थापन केलेले हे रुग्णालय ज्या वास्तूत आहे, ती मुळात डेव्हिड ससून यांची हवेली. १८३२ च्या सुमारास बगदादकडून मुंबईस आलेल्या या व्यापाऱ्याने अफू आणि कापसाच्या व्यापारात अमाप संपत्ती मिळविली, आणि पुढच्या पिढ्यांनी कापडगिरण्या चालविल्या. हवेलीचे नाव होते 'सॅन सुसी'. या फ्रेंच शब्दांचा अर्थ निश्चिंत, काळजीविना. आत जाणारा माणूस तेथील कोरीव लाकडी जिना पाहून थबकतो. त्या जिन्याची छायाचित्रे निघतात, त्याविषयी लेख येतात. मात्र अशा हवेलीत घोडे कोठे बांधीत, रोजचा स्वयंपाक कोठे होई, चादरी कोण आणि कोठे धूत असे, हे सहसा कोणी विचारीत नाही.

त्या काळच्या धनिकांच्या आवारात मुख्य वास्तूच्या मागे एक लहानसे गावच वसलेले असे. तबेला, गाडीखाना, बबर्चीखाना, कोठार, धोब्याची जागा, गड्यांच्या खोल्या. मुंबईत या सर्वांना मिळून 'आउटहाऊस' हा एक शब्द रूढ झाला. त्या इमारती दूर ठेवण्यामागे मालकाचा मान होताच, पण व्यवहारही होता. चुलीची आग आणि धूर मुख्य घरापासून लांब राहावा, तबेल्यातील माश्या जेवणघरात येऊ नयेत, धुण्याचे पाणी विहिरीकडे वाहू नये. आज रुग्णालयाचा आराखडा काढताना वास्तुविशारद जवळपास याच गोष्टी सांगतात. १९९८ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१६ च्या नियमांनी जैववैद्यकीय कचरा वेगळ्या, सुरक्षित जागी ठेवणे बंधनकारक केले. प्रक्रिया न झालेला कचरा अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक काळ ठेवता येत नाही. शस्त्रक्रियागृह कितीही अद्ययावत असले तरी मागच्या खोलीचे दार नीट लागत नसेल तर जंतुसंसर्ग पुढे येणारच.

या आउटहाऊसशी आपल्या दोन तालुक्यांचे नाते निकटचे आहे. महाड-पोलादपूरच्या वाड्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मुंबईस गेले. पुष्कळ जण गिरण्यांत लागले, तर काही जण गिरणीमालकांच्या आणि शेठ लोकांच्या बंगल्यांवर गडी, माळी, स्वयंपाकी, रखवालदार म्हणून राहिले. गिरणी कामगारांचा इतिहास लिहिला गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गावी परतलेल्या माणसांविषयीही बरेच लिहिले गेले आहे. बंगल्यामागच्या खोलीत आयुष्य काढलेल्या माणसांविषयी त्या मानाने फार थोडे लिहिलेले आढळते. त्यांची मनीऑर्डर मात्र गावात तितक्याच नेमाने येत असे, आणि तिच्यावर घरे उभी राहिली, मुलींची लग्ने झाली.

आमच्या पुरुष कक्षात पोलादपूरकडील एक वयोवृद्ध गृहस्थ काही दिवस दाखल होते. मलबार हिलवरील एका बंगल्यावर ते तरुणपणापासून स्वयंपाकी होते. बंगला आता राहिलेला नाही. तेथील दिवाणखान्याविषयी त्यांना फारसे सांगता आले नाही, कारण तेथे जाण्याचा प्रसंगच कमी येत असे. पण बबर्चीखान्यापासून जेवणघरापर्यंत एकेचाळीस पावले होती, हे त्यांना पक्के आठवत होते. "साहेब, पावसात ताटावर ताट झाकून पळायचो. आमटी गार झाली तर बोलणी आम्हालाच," ते म्हणाले. नंतर त्यांनी विचारले, "तुमची खानावळ कुठं आहे? इथंही जेवण गार येतं." मी त्याच दिवशी अंतर मोजावयास सांगितले. आपल्या स्वयंपाकघरापासून स्त्री कक्षापर्यंतचे अंतर त्यांच्या एकेचाळीस पावलांहून पुष्कळ अधिक निघाले, आणि त्यातील बराचसा भाग उघड्यावर आहे.

आपल्याच जिल्ह्यातील माथेरान पाहावे. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळहून आगगाडी नेली आणि मुंबईच्या धनिकांना तेथे बंगल्यावर जाणे सोपे झाले. मालक हवा पालटण्यासाठी वर्षातून काही आठवडे येत. आवाराच्या कोपऱ्यातील खोलीत माळी बारा महिने राही, आणि मुसळधार पावसात बंद बंगल्याचे छप्पर गळते का हे तोच पाही. कोणता बंगला टिकला, यात माळ्याच्या खोलीचा वाटा किती, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. माझ्या मते तो मोठा निघेल.

परदेशातही असेच दिसते. इंग्लंडमधील तोफांचे कारखानदार आर्मस्ट्राँग यांनी १८७८ मध्ये आपल्या क्रॅगसाइड येथील घरात पाण्याच्या शक्तीवर विजेचा दिवा लावला. पाहुणे दिव्याचे कौतुक करीत, पण वीज निर्माण करणारे यंत्र दूर आवारातील लाकूड कापण्याच्या गिरणीत बसविलेले होते. अमेरिकेत डेलावेअर राज्यातील दारूगोळ्याचे उद्योगपती आल्फ्रेड ड्यू पाँ १९३५ मध्ये निवर्तले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या 'नेमूर्स' या इस्टेटीच्या आवारातच मुलांचे रुग्णालय उभे राहिले आणि १९४० मध्ये ते सुरू झाले. तेथील जुना मोटारखानाही पाहुण्यांना दाखवितात, अर्थात त्यातील जुन्या मोटारींसाठी.

आता आपल्या आवाराकडे येतो. महाडकरांस पाण्याविषयी मी काही सांगावे असे नाही. जुलै २००५ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळा सावित्रीचे पाणी शहरात शिरले, दरडी कोसळल्या, जुई, दासगाव, तळिये, केवनाळे, सुतारवाडी येथे माणसे गेली. अशा वेळी रुग्णालयाचा जोत्यावर उचललेला पुढील भाग तग धरतो. प्रथम पाण्यात जाते ते मागचे, सखल जागी, कमी खर्चात बांधलेले सर्व काही. जनित्र बंद पडले की वरच्या मजल्यावरील यंत्रसामग्री असून नसल्यासारखी होते. चूल विझली की ज्यांना घरी जाता येत नाही त्यांच्यासाठी पेजही उरत नाही.

विश्वस्त मंडळापुढे या वर्षी दोन प्रस्ताव आहेत. एक दर्शनी भागाच्या नूतनीकरणाचा. दुसरा मागच्या आवाराचा: स्वयंपाकघर, धुलाईघर आणि जनित्र उंच जोत्यावर नेणे, कक्षांपर्यंत छप्पर असलेली वाट बांधणे आणि पत्र्याच्या पडवीच्या जागी नातेवाइकांसाठी स्वच्छतागृह व न्हाणीसह पक्का निवारा उभारणे. दोन्ही एकाच वर्षी होणार नाहीत. निर्णय मंडळाचा आहे आणि तो मला शिरोधार्य असेल. माझे मत दुसऱ्या प्रस्तावाच्या बाजूचे आहे, एवढे येथे नमूद करतो. डोंगरातील वाडीवरून रुग्णाबरोबर आलेली मावशी वा वहिनी चार-चार रात्री व्हरांड्यात उशाला पिशवी घेऊन निजते. रुग्णाला पाणी देणे, कूस बदलणे, औषधाची वेळ सांगणे यांतील बरेचसे काम तीच करते. तिला वेतन नाही, हजेरीपत्रकात तिचे नाव नाही, आणि परिशिष्टात तिची जागा 'इतर' या शब्दात आहे.

देणगीदारांस एक व्यावहारिक विनंती आहे. विशिष्ट हेतूने दिलेली देणगी दुसऱ्या कामाकडे वळविता येत नाही, आणि तसे असणे योग्यच आहे. आजवर आलेल्या अशा देणग्या बहुतेक कक्षांसाठी व यंत्रांसाठी आहेत, त्याबद्दल संस्था कृतज्ञ आहे. ज्यांना मागच्या आवारासाठी द्यावयाचे असेल त्यांनी पावती करताना तसे स्पष्ट लिहून द्यावे, म्हणजे त्या निधीचे वेगळे खाते ठेवता येईल. नामफलकाविषयी काही जणांनी विचारणा केली आहे. स्वयंपाकघराच्या दारावर आणि निवाऱ्याच्या भिंतीवर फलक लावण्यास संस्थेची काहीच हरकत नाही. रुग्णाच्या घरचे लोक तो कक्षातील फलकापेक्षा अधिक वेळा वाचतील.

सभा संपल्यानंतर ज्यांना सवड असेल त्यांनी माझ्याबरोबर मागच्या आवारात यावे. चहाची व्यवस्था या वेळी मुद्दाम तेथेच केली आहे. वाट ओली आहे, कृपया सांभाळून यावे.