आपल्या घराण्याची नावं कशी शोधावी
(शताब्दी सोहळ्यात निजामपुरा, भिवंडी येथे केलेले भाषण)

दिंडीला शंभर वर्षं झाली, तुम्ही दोन शब्द बोला असं मला सांगितलं. माझी शाळा चौथीपर्यंत, बाकीचं शिकवलं नांगराने आणि टाळाने. म्हणून आज कीर्तन नाही, एक कामाची गोष्ट सांगतो.

तुकोबारायांची वंशावळ आपल्यातल्या कितीकांना पाठ आहे. विश्वंभरबाबा, त्यांचे हरी, मग विठ्ठल, पदाजी, शंकर, कान्होबा, बोल्होबा, आणि बोल्होबांच्या पोटी तुकोबा. आता स्वतःच्या घरची सांगा बघू. बाप, आजा, पणजा, आणि तिथं गाडी अडते. आजीची आई कोण विचारलं तर एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं.

पोरं म्हणतात, याचा उपयोग काय? उपयोग गरज पडल्यावर कळतो. राखीव जागेसाठी जातपडताळणी लागते. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, आणि वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. आमच्या भावकीतल्या एका मुलाला पुरावा मिळाला तो चुलत पणज्याच्या शाळेतल्या नोंदीचा. पण तो आणि मुलाचा पणजा सख्खे भाऊ, हे सांगणार कोण? ठाऊक होतं एकाच म्हातारीला, माझ्या चुलतीला. खाटेवर पडून होती, पण डोकं साफ. तिने दोन्ही भाऊ, भावजया, कोणती पोर कुठल्या गावी दिली, सगळं सांगितलं. आम्ही लिहून घेतलं. त्या नावांच्या मागे जाऊन वारसाचा फेरफार काढला, त्यात दोन्ही भाऊ एका खाली एक निघाले. मुलाचं काम झालं. पुढच्या महिन्यात म्हातारी गेली.

म्हणून कचेरीत नंतर जा, आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. जन्मसाल विचारू नका, ते त्यांना येत नाही. मानमोडीच्या आधी की नंतर, असं विचारा. ती साथ १९१८ ची, आजही जुन्या घरात तिचं नाव निघतं. दुसऱ्या लढाईतलं रेशन, १९७२ चा दुष्काळ, कोयनेचा भूकंप १९६७ चा, अशा खुणांवर माणसं बरोबर बोलतात. बाईचं सासरचं नाव आणि माहेरचं नाव दोन्ही विचारा. लग्नात नाव बदलतात, मग एका कागदावर सखू आणि दुसऱ्यावर लक्ष्मी, आणि बाई एकच. नातवाला आज्याचं नाव ठेवायची आपली रीत, त्यानेही घोळ होतो. थोरला गोमा आणि धाकटा गोमा असं तेव्हाच लिहून ठेवावं.

घरातली जुनी तांब्यापितळेची भांडी उलटी करून बघा. लग्नात आलेल्या हंड्यावर, परातीवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, कधी सालही. भांडं मोडीत घातलं की तो पुरावाही गेला. निदान मोबाईलवर फोटो तरी काढा.

आता कागद. आजच्या सातबाऱ्यापासून उलटं चालायचं. त्यावर फेरफाराचे नंबर असतात. एकेक नंबर काढला की कोण मयत झाला, वारस कोण लागले, हे सापडतं, आणि त्यातून मागचा नंबर मिळतो. वारसांची वेगळी वही असते, गाव नमुना सहा-क. जुने कागद तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळतात, बरेचसे आता संगणकावरही चढवलेत. शहरात आलेल्या जागेची मिळकत पत्रिका नगर भूमापनात बघावी. गाव नमुना चौदा ही जन्ममृत्यूची जुनी वही, तिच्यात जातही लिहिलेली सापडते.

जुन्या कागदात आडनाव नसेल तर घाबरू नका. रामा बिन गोमा म्हणजे गोमाचा मुलगा रामा. सखू कोम रामा म्हणजे रामाची बायको सखू. ए.कु.मॅ. लिहिलं असेल तर एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे नाव थोरल्याचं, जमीन सगळ्या भावांची. हे तीन अक्षरांचं न कळल्यामुळे आपल्या भागात किती भाऊबंद कोर्टात उभे आहेत! शेताची गोदामं झाली, भाव वाढला, आणि माणसाला चुलता ओळखू येईना. बहिणींची नावं तर आधीच गाळलेली.

मोडी वाचणारा शोधावा लागतो. पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, दिंडीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलीने ते जरूर करावेत.

नाशिक-त्र्यंबकला दशक्रियेला जाल तेव्हा घाई करू नका. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे गावावार वह्या असतात. गाव, जात, आडनाव सांगितलं की आपल्या आज्यापणज्याने येऊन केलेली नोंद निघते, कधी त्यांच्याच सहीची. ती उतरवून घ्या आणि आपली नावं त्यात घालून या, लेकीसुनांसकट. शेजारच्या मोहल्ल्यातले मोमीन लोक १८५७ च्या नंतर उत्तरेकडून विणकाम घेऊन इकडे आले, त्यांच्यातही वंशावळ जपतात, शजरा म्हणतात तिला. एक सांगतो, पैसे घेऊन वंशावळ थेट एखाद्या राजाला नेऊन भिडवणारेही भेटतात. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. आपला आजा शेतकरी होता, तो शेतकरीच राहू द्या.

आणि आपल्या दिंडीची वही? जुन्या विणेकऱ्यांनी भिशीचा जमाखर्च लिहून ठेवलाय. कोणी किती तांदूळ दिले, कोण वारीत आजारी पडला, सगळं. पुष्कळांना आज्याचं नाव तिथं सापडेल. बायकांचं मात्र 'अमक्याची आई' एवढंच लिहिलंय. त्या आयांची नावं ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी येत्या एकादशीला मंदिरात यावं. वही बाहेर काढून ठेवतो, शेजारी कोरा कागद आणि पेन असेल. पानं जीर्ण झालीत, हात कोरडा करून हळू उलटा.