मुहूर्ताचा भाव

(कडेगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ताकारी-टेंभूचे पाणी येईपर्यंत ज्या भागाने पिढ्यान्‌पिढ्या विहिरीचा तळ पाहिला, तिथे उभा राहून मी समुद्रातील माशाविषयी बोलणार आहे. समोर माळकरी मंडळीही पुष्कळ दिसतात. त्यांची आधीच क्षमा मागतो. मासा निमित्तापुरता आहे. बोलायचे आहे ते सौद्याविषयी, आणि सौदा काय असतो हे सांगलीला हळद व तासगावला बेदाणा नेणाऱ्यांना मी वेगळे सांगायला नको.

जपानमध्ये नववर्षाचा पहिला मासळी-लिलाव ५ जानेवारीच्या पहाटे होतो. २०१९ साली टोकियोच्या तोयोसू बाजारात २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. आपल्या हिशेबाने सुमारे २१ कोटी रुपये! किलोला १२ लाख येन. एवढा भाव देऊन तो मासा खाण्याच्या पदार्थात विकून पैसे वसूल होतील, असे घेणाऱ्या उपाहारगृहाच्या मालकालाही वाटत नसणार. त्याने मासा घेतला आणि दुसऱ्या दिवशीच्या जगभरच्या वृत्तपत्रांतील जागाही घेतली.

हे कशावरून म्हणतो? २०१३ साली याच गृहस्थांनी २२२ किलोचा मासा १५ कोटी ५४ लाख येनला घेतला होता. त्या वेळी हाँगकाँगशी संबंधित एक प्रतिस्पर्धी बोली चढवीत होता. पुढच्या वर्षी तो आलाच नाही, आणि पहिला ट्यूना ७३ लाख ६० हजार येनला मिळाला. मासा २३० किलोचा, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा थोडा मोठाच. समुद्र तोच, कोळ्यांचे कष्ट तेच. भावाचा मात्र विसावा हिस्साही उरला नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील मुरबे गावच्या कोळीबांधवांना पावसाळी बंदीनंतर एकाच फेरीत १५७ घोळ मासे मिळाले आणि लिलावात त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये झाले. म्हणजे एक मासा सरासरी ८५ हजारांच्या घरात. पण इथला भाव हौसेचा नव्हता. घोळीच्या पोटातील हवेच्या पिशवीला, किनाऱ्यावर जिला भोत म्हणतात तिला, पूर्वेकडील देशांत मोठी मागणी आहे. औषधात, शस्त्रक्रियेच्या विरघळणाऱ्या धाग्यात आणि मद्य नितळ करण्यासाठी ती वापरतात. त्या कोळ्यांच्या घरी लक्ष्मी आली, याचा आनंदच मानावा. तरीही एक काळजी आहे. अशा एका बातमीने किती होड्या त्याच माशामागे लागतात! मासा दुर्मीळ झाला की भाव आणखी चढतो, आणि भाव चढला की मासा आणखी दुर्मीळ होतो.

आपल्याकडे नव्या हळदीचा पहिला सौदा निघतो. पूजा होते, नारळ फुटतो, व्यापारी मानाची बोली लावतो. कोल्हापूरला पाडव्याच्या गुळाचे तेच, आंब्याच्या पहिल्या पेटीचे तेच. ही रीत सुंदर आहे. पिकवणाऱ्याच्या मालाला फुले वाहणारी रीत मोडावी, असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु तो मान आहे, बाजारभाव नव्हे, हे सांगण्याचे काम आम्हा पत्रकारांचे होते. ते आम्ही केले नाही.

माझाच अनुभव सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी अशाच एका मुहूर्ताच्या सौद्याची बातमी दिली. मथळ्यात 'विक्रमी भाव' हे शब्द होते. आमच्या नात्यातील एका काकांनी ती वाचून आपली राजापुरी हळद रोखून धरली. पहिले चार आठवडे बरा दर होता, तेव्हा विकली नाही. पुढे आवक वाढली, दर उतरला; सोसायटीचे कर्ज आणि गोदामाचे भाडे चालूच होते. अखेर पाऊस तोंडावर आला तेव्हा मिळेल त्या भावाने पोती काढली. त्या वर्षी ठरलेले मुलीचे लग्न एक वर्ष पुढे गेले.

काकांनी मला बोल लावला नाही. मी भेटायला गेलो तेव्हा चहा पिता पिता त्यांनी एवढेच विचारले, "त्या पहिल्या भावानं पोती किती गेली होती रे?"

बातमीत तो आकडा नव्हता. सौद्याच्या ठिकाणी उभा असूनही मी तो कोणाला विचारलाच नव्हता.